ड्युअल बूट

ड्युअल बूट म्हणजे एकाच संगणकावर दोन स्वतंत्र संचालन प्रणाली, अर्थात ऑपरेटिंग सिस्टीम, स्थापित करून संगणक सुरू करतेवेळी त्यांपैकी एकीची निवड करण्याची व्यवस्था होय. दोनपेक्षा अधिक प्रणाली असल्यास या व्यवस्थेला मल्टिबूट असे म्हणतात. या व्यवस्थेत एका वेळी एकच प्रणाली चालू असते. दुसरी वापरावयाची असल्यास चालू प्रणाली बंद करून संगणक पुन्हा सुरू करावा लागतो. त्यामुळे प्रोसेसर आणि रॅम यांची संपूर्ण क्षमता चालू असलेल्या प्रणालीस मिळते. मात्र हार्ड डिस्क, संगणकातील घड्याळ आणि आरंभाचा क्रम या तीन गोष्टी दोन्ही प्रणालींना सामायिक असतात. ड्युअल बूटमध्ये उद्भवणाऱ्या बहुतेक अडचणींचे मूळ या तीन सामायिक गोष्टींतच आढळते.

घरगुती संगणकांवर सर्वाधिक आढळणारी जोडी मायक्रोसॉफ्ट विंडोज आणि लिनक्स यांची आहे. जुन्या विंडोज आवृत्तीचा आधार संपल्यानंतरही संगणक उपयोगात ठेवणे आणि त्याच वेळी जुन्या कामासाठी विंडोज हाताशी असणे, हा या जोडीमागील प्रमुख हेतू असतो.

संज्ञा

संगणक सुरू होण्याच्या क्रियेस ‘बूट होणे’ असे म्हणतात. हा शब्द इंग्रजीतील ‘बूटस्ट्रॅप’ या शब्दाचे संक्षिप्त रूप आहे. बुटाच्या मागील बाजूस तो ओढून चढवण्यासाठी जो पट्टा असतो तो बूटस्ट्रॅप. स्वतःच्याच बुटाचा पट्टा ओढून स्वतःला वर उचलणे या अशक्य कल्पनेवरून हे रूपक आले. संगणकात कोणताही प्रोग्राम चालवण्यासाठी आधी संचालन प्रणाली लागते. परंतु ती प्रणाली हाही एक प्रोग्रामच असल्याने ती प्रथम कोणी चालवावी, असा पेच निर्माण होतो. एक लहान प्रोग्राम त्याहून मोठ्या प्रोग्रामला, आणि तो संपूर्ण प्रणालीला उचलून आणतो, अशा साखळीने हा पेच सोडवलेला असतो. या साखळीतील एका कडीपाशी थांबून वापरकर्त्याला दोन वाटांपैकी एक निवडू देणे, हेच ड्युअल बूटचे तत्त्व होय.

इतिहास

पर्सनल संगणकावर एकाहून अधिक प्रणालींसाठी जागा विभागण्याची सोय १९८३ साली पीसी डॉस २.० या आवृत्तीबरोबर आली. हार्ड डिस्कचे भाग पाडण्याची आणि डिस्कच्या आरंभी त्या भागांची नोंद ठेवण्याची पद्धत तेव्हापासून रूढ झाली. आयबीएमच्या ओएस/२ या प्रणालीच्या १९९२ मधील २.० आवृत्तीत डॉस व ओएस/२ यांच्यात निवड करून देणारा बूट मॅनेजर होता. १९९३ मध्ये आलेल्या विंडोज एनटी ३.१ मध्येही संगणक सुरू होताना जुन्या डॉसची निवड करता येत असे.

लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्स कर्नल प्रसिद्ध केल्यानंतर ड्युअल बूटला नवे महत्त्व आले. आरंभीच्या बहुतेक लिनक्स वापरकर्त्यांच्या संगणकावर डॉस किंवा विंडोज आधीपासून असे आणि ती काढून टाकण्याची त्यांची तयारी नसे. त्यांच्यासाठी प्रथम लिलो हा बूटलोडर प्रचारात आला. पुढे ग्रब या बूटलोडरने त्याची जागा घेतली. ग्रबचे काम १९९५ मध्ये सुरू झाले आणि नंतर तो ग्नू प्रकल्पाचा भाग झाला. २००४ साली आरंभ झालेल्या उबुंटूसारख्या वितरणांनी डिस्कची विभागणी आणि बूटलोडरची मांडणी चित्रमय पडद्यावर आणल्यामुळे ही व्यवस्था सामान्य वापरकर्त्याच्या आवाक्यात आली.

ॲपल कंपनीने इंटेल प्रोसेसर वापरण्यास सुरुवात केल्यावर २००६ मध्ये बूट कॅम्प हे साधन चाचणी स्वरूपात उपलब्ध करून दिले. त्यामुळे मॅक संगणकावर विंडोज बसवणे शक्य झाले. २०२० पासून आलेल्या, ॲपलच्या स्वतःच्या प्रोसेसरवर चालणाऱ्या मॅक संगणकांवर मात्र बूट कॅम्प उपलब्ध नाही.

कार्यपद्धती

बायोस आणि एमबीआर

सुमारे २०१० पर्यंतच्या बहुतेक घरगुती संगणकांत बायोस हे फर्मवेअर असते. वीजपुरवठा सुरू होताच बायोस यंत्रसामग्रीची तपासणी करते आणि ठरलेल्या क्रमाने एखाद्या डिस्कचा पहिला सेक्टर वाचते. या सेक्टरला मास्टर बूट रेकॉर्ड किंवा एमबीआर म्हणतात. त्याचा आकार केवळ ५१२ बाइट असतो. त्यांपैकी पारंपरिक मांडणीत ४४६ बाइट आरंभीच्या प्रोग्रामसाठी, ६४ बाइट विभागांच्या नोंदींसाठी आणि शेवटचे २ बाइट ओळखखुणेसाठी राखलेले असतात. प्रत्येक नोंदीस १६ बाइट लागत असल्याने चारच नोंदी मावतात. म्हणूनच एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर चारांहून अधिक प्राथमिक विभाग करता येत नाहीत. अधिक विभाग हवे असल्यास चारांपैकी एकाला विस्तारित विभाग करून त्याच्या आत तार्किक विभाग पाडावे लागतात. लिनक्स अशा तार्किक विभागातूनही सुरू होऊ शकते.

युईएफआय आणि जीपीटी

त्यानंतरच्या संगणकांत बायोसच्या जागी युईएफआय हे फर्मवेअर आले. त्यासोबत विभागांच्या नोंदीसाठी जीपीटी ही पद्धत वापरतात. तिच्या सर्वसाधारण मांडणीत १२८ विभागांच्या नोंदी मावतात. युईएफआय पद्धतीत डिस्कवर एक लहान स्वतंत्र विभाग असतो. त्यात प्रत्येक संचालन प्रणाली आपला बूटलोडर आपापल्या फोल्डरमध्ये ठेवते. कोणता बूटलोडर आधी चालवावा याची यादी संगणकाच्या मुख्य पटलावरील स्थायी स्मृतीत असते. एमबीआरमध्ये एकच आसन असून त्यावर शेवटी बसणारा आधीच्याला उठवतो. युईएफआयमध्ये आसने अनेक असतात आणि वाद केवळ पहिल्या क्रमांकाचा असतो. त्यामुळे युईएफआय संगणकावर ड्युअल बूट तुलनेने सुरक्षित मानले जाते.

दोन्ही प्रणाली एकाच पद्धतीने स्थापित होणे आवश्यक असते. विंडोज युईएफआय पद्धतीने आणि लिनक्स बायोस पद्धतीने बसवल्यास ग्रबच्या यादीतून विंडोज सुरू करता येत नाही.

बूटलोडर

ग्रब हा बूटलोडर लिनक्सचे कर्नल थेट रॅममध्ये आणतो. विंडोजच्या बाबतीत मात्र तो स्वतः काही न करता विंडोजच्या बूटलोडरकडे सूत्रे सोपवतो. विंडोज एक्सपीपर्यंतच्या एनटी घराण्यातील आवृत्त्यांत हे काम एनटीएलडीआर करीत असे. विंडोज व्हिस्टापासून ते विंडोज बूट मॅनेजरकडे आले. ग्रबची यादी पडद्यावर काही सेकंद दिसते. त्या अवधीत कळ न दाबल्यास आधी ठरवलेली प्रणाली सुरू होते.

जुन्या संगणकांवरील उपयोग

घरगुती संगणक अनेकदा यंत्र बिघडल्यामुळे नव्हे, तर त्यावरील संचालन प्रणालीचा आधार संपल्यामुळे जुना ठरतो. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आधार संपल्यावर प्रणाली बंद पडत नाही. परंतु तिच्यात नव्याने सापडणाऱ्या सुरक्षाविषयक त्रुटींवर दुरुस्त्या मिळणे थांबते. कालांतराने नवे ब्राउझरही त्या आवृत्तीवर चालेनासे होतात.

विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतील प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत ही यादी काही अपवाद वगळता आठव्या पिढीपासून सुरू होते. परिणामी, सुस्थितीत चालणारे अनेक संगणक अधिकृतपणे विंडोज ११ घेऊ शकत नाहीत. अशा संगणकावर लिनक्सचे हलके वितरण बसवून इंटरनेट, पत्रव्यवहार आणि लेखन यांसाठी ते वापरणे, आणि जुनी विंडोज इंटरनेटपासून दूर ठेवून विशिष्ट कामांपुरती राखणे, अशी कामाची वाटणी करता येते. विंडोजवरच चालणारा टॅलीसारखा हिशेबाचा प्रोग्राम, लिनक्ससाठी ड्रायव्हर नसलेला जुना प्रिंटर किंवा स्कॅनर, आणि जुन्या मराठी फाँटांतील मजकूर ही अशा विशिष्ट कामांची नेहमीची उदाहरणे होत.

वितरणाची निवड प्रोसेसर आणि रॅम यांवर अवलंबून असते. केवळ ३२-बिट सूचना समजणाऱ्या प्रोसेसरसाठी पर्याय कमी होत गेले आहेत. उबुंटूने २०१७ मधील १७.१० या आवृत्तीपासून डेस्कटॉपची ३२-बिट प्रत देणे थांबवले. डेबियनने २०२५ मधील १३ व्या आवृत्तीत ३२-बिट पीसीसाठीचा इन्स्टॉलर वगळला. ६४-बिट प्रोसेसर असलेल्या परंतु रॅम कमी असलेल्या संगणकावर एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी यांसारखे हलके डेस्कटॉप असलेली वितरणे वापरतात. लिनक्स मिंटसाठी किमान २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा सांगितली आहे. सोयीच्या वापरासाठी ४ जीबी रॅमची शिफारस आहे.

प्रणाली हलकी असली तरी आधुनिक संकेतस्थळे हलकी नसतात. त्यामुळे १ किंवा २ जीबी रॅमच्या संगणकावर लिनक्सही ब्राउझरमध्ये अनेक पाने एकदम उघडल्यास मंदावते. रॅम वाढवणे आणि फिरत्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवणे यांचा परिणाम प्रणाली बदलण्याइतकाच, किंबहुना काही वेळा त्याहून अधिक जाणवतो.

स्थापना

पूर्वतयारी

ड्युअल बूटमधील सर्वांत धोक्याची पायरी डिस्कच्या विभागणीची असते. घरगुती संगणकात बहुधा एकच डिस्क असते आणि कुटुंबाची छायाचित्रे, कागदपत्रे व अनेक वर्षांचे लेखन त्याच डिस्कवर साठलेले असते. विभागांच्या नोंदीत झालेली एक चूक किंवा त्या क्रियेत खंडित झालेला वीजपुरवठा या सर्वांवर पाणी फिरवू शकतो. जुन्या डिस्कच्या बाबतीत धोका आणखी वाढतो. विभाग लहान करताना मोठ्या प्रमाणावर माहिती एका जागेवरून दुसरीकडे हलवली जाते, आणि आधीच झिजलेली डिस्क या श्रमाने निकामी होऊ शकते. म्हणून विभागणीपूर्वी सर्व महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घेणे अनिवार्य मानले जाते. त्याच डिस्कच्या दुसऱ्या विभागात ठेवलेली प्रत ही सुरक्षित प्रत ठरत नाही. प्रत घेतल्यावर त्यातील काही फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्या जातात. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते, तीही स्मार्ट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीद्वारे आधी तपासतात.

विंडोजची डिस्क बिटलॉकरने कूटबद्ध असल्यास तिची ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली आधी कागदावर उतरवून घेणे आवश्यक असते. आरंभाच्या व्यवस्थेत बदल झाल्याचे लक्षात येताच बिटलॉकर ही किल्ली मागू शकतो, आणि ती नसल्यास माहिती उघडण्याचा मार्ग राहत नाही.

बहुतेक लिनक्स वितरणे पेनड्राइव्हवरून, डिस्कवर काहीही न बसवता, चालवून पाहता येतात. या ‘लाइव्ह’ अवस्थेत पडदा, ध्वनी, वाय-फाय आणि प्रिंटर यांची परीक्षा करता येते. वाय-फाय चालत नसल्याचे स्थापनेनंतर कळण्यापेक्षा ते आधी कळणे हितावह असते.

जागेची विभागणी

विंडोज व्हिस्टापासून पुढील आवृत्त्यांत डिस्क मॅनेजमेंट या साधनाने चालू विभाग आकसवता येतो. डिस्कवर पुष्कळ जागा रिकामी असूनही हे साधन काही वेळा थोडीच जागा मोकळी करू शकते. पेजिंग फाइल आणि हायबरनेशन फाइल यांसारख्या न हलणाऱ्या फाइली विभागाच्या मध्यावर किंवा शेवटी बसलेल्या असणे हे त्याचे कारण होय. या फाइली तात्पुरत्या बंद केल्यावर अधिक जागा मिळते. विंडोज एक्सपीमध्ये असे साधन नसल्याने लाइव्ह लिनक्समधील जीपार्टेड हा प्रोग्राम वापरतात.

जुन्या लॅपटॉपवर एक विशेष अडचण संभवते. विंडोजचा आरंभ-विभाग, मुख्य विभाग, उत्पादकाचा पुनर्स्थापना-विभाग आणि साधनांचा विभाग अशा चार प्राथमिक विभागांनी एमबीआरमधील चारही नोंदी आधीच भरलेल्या असतात. अशा वेळी रिकामी जागा असूनही लिनक्सच्या इन्स्टॉलरला नवा विभाग करता येत नाही. विंडोजमधून पाचवा विभाग करू गेल्यास डिस्कचे डायनॅमिक डिस्कमध्ये रूपांतर करण्याची सूचना येते. ही सूचना स्वीकारल्यास पुढे लिनक्स बसवणे अधिकच अवघड होते. चारांपैकी अनावश्यक विभागाची प्रत काढून ठेवून तो हटवणे आणि त्याजागी विस्तारित विभाग करणे हा यावरील रूढ मार्ग आहे.

डेस्कटॉप संगणकात जागा असल्यास दुसरी डिस्क बसवून प्रत्येक प्रणालीला स्वतंत्र डिस्क देतात. या मांडणीत विंडोजच्या डिस्कला हात लावावा लागत नाही. लिनक्स बसवताना विंडोजच्या डिस्कची जोडणी तात्पुरती काढून ठेवल्यास चुकीच्या डिस्कवर लेखन होण्याची शक्यताच उरत नाही. निवड मग फर्मवेअरच्या बूट मेनूतून होते.

क्रम

दोन्ही प्रणाली नव्याने बसवावयाच्या असल्यास आधी विंडोज आणि नंतर लिनक्स असा क्रम पाळला जातो. लिनक्सचा इन्स्टॉलर आधीची विंडोज ओळखून तिला यादीत स्थान देतो. विंडोजचा इन्स्टॉलर लिनक्सची दखल न घेता एमबीआरमध्ये स्वतःचा प्रोग्राम लिहितो किंवा युईएफआयच्या यादीत स्वतःला प्रथम स्थानी ठेवतो. विंडोजच्या दोन आवृत्त्या एकत्र बसवतानाही जुनी आवृत्ती आधी बसवण्याची पद्धत आहे, कारण जुन्या बूटलोडरला नव्या आवृत्तीची ओळख नसते.

सामायिक घटकांमुळे उद्भवणाऱ्या अडचणी

ड्युअल बूट असलेला संगणक म्हणजे एकाच घरात आळीपाळीने राहणारी दोन बिऱ्हाडे होत. ती एकमेकांना कधीच भेटत नाहीत. एकाने घर कसे सोडले हे दुसऱ्याला केवळ मागे राहिलेल्या खुणांवरून कळते. पुढील अडचणी या स्वरूपाच्या आहेत.

डिस्क

विंडोज आपल्या फाइली एनटीएफएस या रचनेत ठेवते, तर लिनक्सची बहुतेक वितरणे ईएक्सटी४ ही रचना वापरतात. लिनक्समधून एनटीएफएस विभाग वाचता व लिहिता येतो. पूर्वी हे काम एनटीएफएस-३जी या ड्रायव्हरने होत असे. २०२१ मधील लिनक्स कर्नल ५.१५ पासून कर्नलमध्येच त्यासाठी नवा ड्रायव्हर आला. विंडोजला मात्र ईएक्सटी४ विभाग स्वतःहून वाचता येत नाही. म्हणून दोन्हीकडे लागणाऱ्या फाइलींसाठी एनटीएफएस रचनेचा एक स्वतंत्र विभाग ठेवतात.

विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय आली. ती चालू असताना संगणक बंद केला तरी विंडोजचे कर्नल पूर्णपणे बंद होत नाही. त्याची अवस्था डिस्कवर गोठवून ठेवली जाते आणि पुढील वेळी तीच पुन्हा उचलली जाते. मधल्या काळात लिनक्समधून त्या विभागात लेखन झाल्यास विंडोजच्या स्मरणातील डिस्क आणि प्रत्यक्षातील डिस्क यांत तफावत पडून फाइली खराब होऊ शकतात. हे टाळण्यासाठी लिनक्स असा विभाग केवळ वाचनासाठी उघडते किंवा उघडण्यास नकार देते. वापरकर्त्याला हा बिघाड वाटतो. वस्तुतः ती खबरदारी असते. विंडोजमधील ही सोय बंद ठेवणे हा त्यावरील उपाय आहे.

घड्याळ

संगणक बंद असताना वेळ राखण्याचे काम मुख्य पटलावरील घड्याळ करते. विंडोज या घड्याळात स्थानिक वेळ लिहिते, तर लिनक्स त्यात सार्वत्रिक समन्वित वेळ असल्याचे मानते. भारतीय प्रमाणवेळ त्या वेळेच्या साडेपाच तास पुढे असल्याने भारतात नेमका तितकाच फरक पडतो. सकाळी १० वाजता लिनक्सने घड्याळात ४:३० ही वेळ लिहिली आणि त्यानंतर विंडोज सुरू केली, तर ती पहाटेचे साडेचार दाखवते. उलट, विंडोजने लिहिलेले १० वाजणे लिनक्सला दुपारचे साडेतीन वाटतात. इंटरनेट जोडलेले असल्यास वेळ आपोआप दुरुस्त होते. जोडलेले नसल्यास चूक तशीच राहते आणि फाइलींवर चुकीच्या वेळा पडतात. दोनपैकी एका प्रणालीस दुसरीची पद्धत स्वीकारावयास लावल्यास हा प्रश्न सुटतो. जुनी विंडोज इंटरनेटपासून दूर ठेवलेली असल्यास लिनक्सला स्थानिक वेळ पाळण्यास सांगणे सोपे पडते.

जुन्या संगणकात फरक नेमका साडेपाच तासांचा नसून तारीख अनेक वर्षे मागे जात असल्यास कारण वेगळे असते. मुख्य पटलावरील ३ व्होल्टची, सामान्यतः सीआर२०३२ प्रकारची नाणेवजा बॅटरी संपलेली असते. ती संपल्यावर घड्याळाबरोबरच फर्मवेअरमधील आरंभक्रम आणि डिस्कविषयक मांडणीही मूळ स्थितीला जाऊ शकते. त्यामुळे एखादी प्रणाली सुरू होईनाशी झाल्यास ड्युअल बूट बिघडल्याचा भास होतो. तारीख चुकल्यामुळे सुरक्षित संकेतस्थळेही उघडत नाहीत. बॅटरी बदलून मांडणी पूर्ववत करणे एवढेच अशा वेळी आवश्यक असते.

आरंभक्रम

विंडोजच्या मोठ्या अद्यतनानंतर युईएफआयमधील क्रम बदलून ग्रबची यादी दिसेनाशी होण्याचे प्रकार घडतात. लिनक्स यात पुसले गेलेले नसते. फर्मवेअरमध्ये जाऊन क्रम पुन्हा लावल्यास यादी परत येते. याच्या उलट प्रकारही आढळतो. ग्रबच्या २०२१ मधील २.०६ या आवृत्तीत अन्य प्रणाली शोधण्याची क्रिया सुरक्षेच्या कारणास्तव मूळ मांडणीत बंद ठेवण्यात आली. त्यामुळे काही वितरणांत विंडोज शाबूत असूनही यादीत दिसत नाही. यादीत नाव नसणे आणि डिस्कवर प्रणाली नसणे या भिन्न गोष्टी आहेत. हा भेद न कळल्यामुळे घाईने पुन्हा स्थापना करून माहिती गमावली जाण्याचा धोका असतो.

विंडोज ८ च्या काळापासून संगणकांत ‘सिक्युअर बूट’ ही व्यवस्था आली. तिच्यामुळे विश्वासार्ह स्वाक्षरी असलेलाच बूटलोडर चालतो. प्रमुख लिनक्स वितरणे मायक्रोसॉफ्टची स्वाक्षरी असलेला शिम नावाचा लहान प्रोग्राम यासाठी वापरतात. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा-अद्यतनाने जुन्या, त्रुटी असलेल्या बूटलोडरांना मनाई केली. त्याचा परिणाम ड्युअल बूट असलेल्या काही संगणकांवर होऊन लिनक्स सुरू होईनासे झाले. एका प्रणालीच्या अद्यतनाचा परिणाम दुसरीच्या आरंभावर कसा होतो याचे हे ठळक उदाहरण होय.

मराठी लेखन आणि जुन्या फाइली

युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मुद्रण व लेखन श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या सॉफ्टवेअरच्या साहाय्याने आणि त्यांच्या स्वतंत्र फाँटांत होत असे. या फाँटांत देवनागरी अक्षरांना इंग्रजी अक्षरांचे किंवा चिन्हांचे संकेतांक दिलेले असत. त्यामुळे फाँट नसलेल्या संगणकावर असा मजकूर अर्थहीन इंग्रजी अक्षरांसारखा दिसतो. अनेक मुद्रक, लेखक आणि संस्था यांचा १९९० च्या दशकातील व त्यानंतरचा मजकूर या स्वरूपात आणि पेजमेकरसारख्या विंडोज प्रोग्रामच्या फाइलींत साठलेला आहे. फाँट लिनक्सवर बसवल्यास साधा मजकूर दिसू शकतो. परंतु टंकलेखनाचा प्रोग्राम आणि पानांची मांडणी विंडोजवरच अवलंबून राहते. काही संचांना डोंगल, म्हणजे संगणकाला जोडावयाचे कुलूपवजा उपकरणही लागते. जुनी विंडोज जपण्याचे हे मराठी वापरकर्त्यांपुरते विशेष कारण आहे. तथापि, जुन्या विंडोजवर विसंबून राहण्यापेक्षा ती चालू आहे तोवर असा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेणे अधिक टिकाऊ ठरते, कारण ज्या डिस्कवर ती विंडोज आहे तिचेही आयुष्य मर्यादित असते.

युनिकोड मराठीसाठी दोन्ही प्रणालींत मूलभूत सोय आहे. विंडोजमध्ये मंगल आणि लिनक्सच्या अनेक वितरणांत लोहित देवनागरी हे फाँट वापरले जातात. इनस्क्रिप्ट हा कळफलक दोन्हीकडे उपलब्ध असल्याने एकदा सराव झाल्यावर प्रणाली बदलली तरी बोटांची सवय बदलावी लागत नाही. लिब्रेऑफिस हा संचही दोन्हीवर चालतो. मात्र एका प्रणालीतील फाँट दुसरीत नसल्यास ओळी व पाने सरकतात. दोन्हीकडे समान फाँट बसवल्यास हा फरक राहत नाही.

पुणे येथे मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने डेबियनवर आधारित भारत ऑपरेटिंग सिस्टीम सोल्यूशन्स, अर्थात बॉस, हे लिनक्स वितरण विकसित केले आहे. त्याची पहिली आवृत्ती २००७ मध्ये आली. त्यात मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय आहे.

सुरक्षितता

लिनक्स बसवल्यामुळे जुनी विंडोज सुरक्षित होत नाही. एका प्रणालीत शिरलेला घातक प्रोग्राम, त्याला पुरेसे अधिकार मिळाल्यास, संपूर्ण डिस्कवर लिहू शकतो आणि दुसरीच्या विभागाचीही हानी करू शकतो. विंडोजला ईएक्सटी४ वाचता येत नाही याचा अर्थ तो विभाग पुसता येत नाही असा होत नाही. म्हणून आधार संपलेल्या विंडोजमध्ये इंटरनेटची जोडणी बंद ठेवणे, पेनड्राइव्ह आधी लिनक्समध्ये तपासणे आणि बाह्य प्रत नेहमी अद्ययावत ठेवणे या दक्षता घेतल्या जातात. घरातील अन्य व्यक्तीही संगणक वापरीत असल्यास कोणत्या प्रणालीत कोणते काम करावयाचे हे सर्वांना ठाऊक असणे तितकेच महत्त्वाचे ठरते.

एक प्रणाली काढून टाकणे

बायोस पद्धतीच्या संगणकावर विंडोजमधून लिनक्सचा विभाग थेट हटवल्यास पुढील वेळी संगणक सुरू होत नाही. एमबीआरमधील ग्रबचा पहिला तुकडा शिल्लक असतो, परंतु त्याचा उरलेला भाग हटवलेल्या विभागात गेलेला असतो. पडद्यावर ग्रबच्या बचाव-अवस्थेची एक ओळ तेवढी दिसते. विंडोजच्या डीव्हीडीवरील दुरुस्ती-साधनाने एमबीआर पुन्हा लिहिल्यावर विंडोज सुरू होते. म्हणून आधी विंडोजचा आरंभ पूर्ववत करणे आणि त्यानंतर लिनक्सचा विभाग हटवणे हा योग्य क्रम होय. युईएफआय संगणकावर क्रम बदलून विंडोजला प्रथम स्थान दिले की विभाग हटवता येतो.

पर्याय

आभासी यंत्र: व्हर्च्युअलबॉक्ससारख्या प्रोग्रामद्वारे एका प्रणालीच्या आत दुसरी चालवता येते. पुन्हा पुन्हा संगणक बंद करावा लागत नाही आणि डिस्कची विभागणीही टळते. परंतु दोन्ही प्रणाली एकाच वेळी चालत असल्याने रॅम वाटली जाते. ४ जीबी रॅमच्या संगणकावर दोन्ही मंदावतात. ड्युअल बूटमध्ये मात्र प्रत्येकीला तिच्या पाळीत पूर्ण ४ जीबी मिळतात.

लाइव्ह पेनड्राइव्ह: अधूनमधून लिनक्स वापरणाऱ्यास पेनड्राइव्हवरून चालणारी प्रणाली पुरेशी ठरू शकते. डिस्कला धोका नसतो. वेग मात्र कमी असतो.

विंडोजमधील लिनक्स उपप्रणाली: विंडोज १० मध्ये २०१६ पासून ही सोय आली. जुन्या विंडोजवर ती उपलब्ध नाही आणि मूळ विंडोजचा आधार संपण्याचा प्रश्नही तिने सुटत नाही.

केवळ लिनक्स: विंडोजचे कोणतेही काम उरलेले नसल्यास संपूर्ण डिस्क लिनक्सला देणे सर्वांत सोपे असते. तिन्ही सामायिक घटकांचे प्रश्न त्यामुळे उद्भवतच नाहीत. अनेक घरांत ड्युअल बूट ही या अवस्थेपर्यंत पोहोचण्याची मधली पायरी ठरते.

हे सुद्धा पहा

लिनक्स
मायक्रोसॉफ्ट विंडोज
उबुंटू
युनिकोड
सी-डॅक